मल्हारच्या बोटांचा ताल

मी एक जुनी रबरी नळी आहे. लांबीला हातभर, रंगाने काळी, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टीने आवळल्याचे वळ. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल. लाल रंगाची, दोनच माणसांची ती ठेंगणी स्पोर्ट्स गाडी मात्र सोलापुरात कुणालाही विचारा, लगेच सांगतील, "व्हय की, कीर्तनकार बुवांची गाडी." त्या गाडीच्या पोटात मी होते. टाकीतले पेट्रोल माझ्यातून जाऊन इंजिनाला मिळायचे. पण गाडीपाशी येणारा माणूस रंग बघतो, चाके बघतो, किती पळते ते विचारतो. नळीची चौकशी कोण करणार?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. कणीक मळावी तसे रबर मळले, यंत्रातून लांब ओढले, पोटात सुताची जाळी भरली, वर पुन्हा रबराचा थर दिला आणि वाफेत शिजवले. मग भेंडोळे करून मला सोलापूरच्या एका दुकानात खिळ्याला टांगले. तिथून मला मल्हारने आणले.

मल्हार पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवायचा. त्याने लग्न केले नाही. जीव होता तो या गाडीवर, थोरल्या भावावर आणि वहिनीच्या हातच्या शेंगाच्या पोळीवर. थोरला भाऊ म्हणजे वेणीमाधवबुवा. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, पण जन्म घेतला तो कीर्तनासाठीच. वहिनी म्हणजे गोदावरीबाई. बुवा उभे राहून निरूपण करणार आणि गोदावरीबाई शेजारी बसून पेटी वाजवणार, असा त्यांचा संसार अक्कलकोट तालुक्यातल्या गावागावांनी पाहिलेला होता.

मल्हारने पुण्याच्या कुणाकडून तरी ही गाडी जुनीच घेऊन दारात उभी केली, तेव्हा बुवा म्हणाले होते, "अरे, जागा दोन आणि तू एकटा जीव! दुसऱ्या जागेवर काय ड्रॉइंगचा बोर्ड बसवणार?"

"दुसरी जागा वहिनीची," मल्हार म्हणाला, "तू झांजा वाजवत मागून चालत ये."

त्या घरात असेच बोलणे चालायचे. मी ते इंजिनाशेजारी बसून ऐकत असे. आमच्यात आणि माणसांत एक पत्राच काय तो आड होता.

माझे ते दिवस सुखाचे होते. रविवारी सकाळी देवपूजा आटोपली, की मल्हार बॉनेट उघडायचा. इंजिन थंड आहे ना, हे हात ठेवून बघायचा. मग फडक्याने मला पुसायचा आणि अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटे फिरवायचा. मधे थोडे दाबायचा, थोडे वाकवून बघायचा, आणि शेवटी ती बोटे नाकाशी न्यायचा. कोरडी आहे असे कळले की हसायचा. एवढ्यावर थांबायचा नाही. जमिनीवर पोते अंथरून गाडीखाली शिरायचा आणि मागे, टाकीपाशी बसवलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचीही तशीच विचारपूस करायचा. ती माझ्यापेक्षा जाड आहे. आम्हा दोघींच्या मधे लांबलचक लोखंडी नळी आहे. एकमेकींना आम्ही कधी पाहिले नाही. पण तिच्यातून निघालेले पेट्रोल माझ्याकडे येई, तेवढ्यावर आमची खुशाली कळायची.

आणि एके दिवशी मल्हारला अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून त्याला घरी आणले तो अंथरुणावरच. त्याची खाट अंगणाकडच्या खिडकीला लावली. खिडकीखालीच गाडी उभी असायची, तोंड खिडकीकडे करून. गाडीच्या पुढच्या जाळीतून मला त्याचा चेहरा दिसे. त्याला मी दिसत नसे, पण मी कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

शेजारचे म्हणाले, आता ही गाडी विकून टाका. बुवांनी ऐकले नाही. "त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला पाहिजे," ते म्हणाले, "तेवढंच त्याला गाडीत बसल्यासारखं वाटेल." साठी उलटलेले, जाकीट-टोपी घालणारे बुवा त्या ठेंगण्या गाडीत वाकून शिरायला शिकले. पेटी मागच्या डिकीत, गोदावरीबाई शेजारी. दुधनीला, मैंदर्गीला, जिथे कीर्तन असेल तिथे आम्ही जाऊ लागलो.

मित्रांनो, ती वाटचाल मी कशी विसरेन? बुवा गाडी चालवता चालवता आख्यान घोळवायचे. चढ आला की त्यांचा आवाजही चढायचा. गोदावरीबाई डोळे मिटून गुणगुणायच्या आणि म्हणायच्या, "अहो, जरा पाय हलका ठेवा. गाडी पेटीच्या काळी चारमधे गातीये, तुम्ही भलतीकडेच चाललात." बुवा लगेच इंजिनाच्या सुरात सूर मिळवायचे. मी काही ताल-सूर शिकलेली नाही. पण त्या सुराला लागणारे पेट्रोल माझ्यातून जाते आहे, याचा मला अभिमान वाटायचा. गावात शिरलो की लोक हसायचे. मैंदर्गीच्या अडतीवरचे ईश्वरप्पा तर मांडवातूनच ओरडायचे, "या बुवा, या! पुष्पक विमान उतरलं म्हणायचं. हनुमंताला कुटं ठेवलं?"

"दोघांचंच विमान आहे, ईश्वरप्पा. हनुमंत उडत येतोय मागून," बुवा म्हणायचे.

सगळे होते, फक्त रविवारची ती चिमूट नव्हती. बुवांनी गाडीला कधी हयगय केली असे मी म्हणणार नाही. ते तिला धुवायचे, दसऱ्याला हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, आणि कुठेही निघताना "जय हरी" म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायचे नाहीत. पण बॉनेट उघडून आत वाकावे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलेच नाही. गाडी चालते आहे ना, मग आत सारे ठीक असणार.

आत सारे ठीक नव्हते. एकतर सोलापूरचे ऊन. वरून पत्रा तापतो, खालून इंजिन. त्यात अलीकडे पेट्रोलची चव बदलली. उसाच्या मळीपासून केलेले काहीतरी त्यात मिसळू लागले होते. नव्या नळ्यांना ते चालते म्हणे. मी जुन्या जमान्यातली. मला ते मानवेना. माझे अंग आधी फुगल्यासारखे झाले, मग कडक झाले, मग टाचेला भेगा पडाव्यात तशा भेगा पडू लागल्या. पट्टीने जिथे आवळले होते तिथे तर रबर कापतच गेले. आणि एका उन्हाळ्यात माझ्या अंगावर पेट्रोलचा पहिला थेंब उभा राहिला.

थेंब खाली पडला. खाली तापलेले लोखंड होते. तो चर्रर करून उडून गेला. त्या दिवशी तेवढेच झाले. पण मी समजून चुकले. आज उडून गेला, उद्या पेटेल. आणि पत्र्याच्या पलीकडे ही दोन भाबडी माणसे काळी चारमधे गात बसली आहेत.

मी काय करणार होते? मला हात नाहीत, तोंड नाही. नळीला एकच बोली येते, ती वासाची. मी ती बोलू लागले.

"अहो, पेट्रोलचा वास येतोय," गोदावरीबाई म्हणाल्या.

माझ्या जिवात जीव आला. पण बुवांना तपकिरीची सवय. उजव्या खिशात डबी असायचीच. वर्षानुवर्षे तपकीर ओढून त्यांच्या नाकाला गुलाबाचा आणि गवऱ्यांचा वास सारखाच. ते म्हणाले, "मला तर काही येत नाही. आणि पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास यायचाच की. स्वयंपाकघरात फोडणीचा येत नाही?"

"मळमळतंय मला."

"मग उदबत्ती लाव ना. चांगली पंढरपूरची आहे. वातावरण कसं प्रसन्न होईल."

आणि मित्रांनो, खरोखरच गोदावरीबाईंनी पुढच्या फळीवर, गणपतीच्या छोट्या मूर्तीसमोर पितळी घर ठेवून त्यात उदबत्ती लावली! पेट्रोल गळणाऱ्या गाडीत निखारा. मी भीतीने आणखी आखडले. आखडले तशी भेग आणखी रुंदावली. मी जितक्या जोराने वासाने ओरडावे, तितक्या उदबत्त्या वाढत गेल्या. आधी एक, मग दोन, मग उदाची वडी. ज्या देवाचे नाव मी रोज त्यांच्या तोंडून ऐकत होते, त्याच्यासाठी लावलेला सुगंध माझ्या तोंडावर हात ठेवून बसला होता. देवाला मी कसा दोष देऊ? आणि त्या माउलीला तरी कसा देऊ? ती देवालाच आळवत होती. एकदा दुधनीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात आपटली आणि उदबत्तीचे पेटते टोक पायाशी पडले. गोदावरीबाईंनी चपलेने ते चुरडले आणि म्हणाल्या, "राखलं गं बाई देवानं." राखले खरेच. पण देवाने रोज किती राखावे?

एका माणसाला मात्र माझी बोली कळत होती.

आम्ही परत येऊन खिडकीखाली थांबलो, उदबत्ती विझली, की माझा वास खिडकीतून आत जायचा. मल्हारचे नाक हलायचे. डोळे मोठे व्हायचे. तोंडातून "आ... आ..." असा आवाज निघायचा. मग त्याचा चांगला असलेला डावा हात वर यायचा. अंगठा आणि बोट यांची चिमूट करून तो हवेतल्या हवेत ती सरकवत न्यायचा, मधे दाबायचा, थोडी वाकवायचा. माझ्याच अंगावरून फिरायची तीच चिमूट! नंतर तोच हात तो खांद्यावरून मागे न्यायचा आणि तिथेही तसेच करून दाखवायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कपाळावर घाम यायचा.

पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा बुवांचे डोळे भरून आले. "अगं, लवकर ये! बघ, बघ, मल्हार ताल धरतोय!"

गोदावरीबाई पदराला हात पुसत धावत आल्या. "खरंच की हो! भाऊजींना गाणं ऐकायचंय."

बुवांनी तिथेच खाटेशी बसकण मारली आणि गायला सुरुवात केली. मल्हारने मान जोरजोरात हलवली. बुवांना वाटले, दाद देतोय. मल्हारने डोळे मिटून घेतले, डोळ्यांच्या कडांतून पाणी आले. बुवांना वाटले, भाव दाटून आला. ते आणखी तल्लीन झाले. आणि मी समोर, जाळीच्या आत, थेंब थेंब गळत होते. वाचा गेलेला माणूस आणि वाचा नसलेली नळी एकमेकांकडे तोंड करून होतो, आणि आमच्या मधे एक प्रेमळ, भाबडा भाऊ डोळे मिटून सुरेल गात होता. यापेक्षा असहाय काही असेल तर ते मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून तो नेमच झाला. गाडी आली, वास आला, हात वर गेला, की बुवा गायला बसायचे. हळूहळू मल्हारचा हात जड झाला. मागे न्यायचा तर अर्ध्यातूनच खाली पडायचा. बुवा म्हणायचे, "सम दाखवतोय."

चैत्र लागला आणि मल्हार गेला. दुपारी डोळा लागला तो उघडलाच नाही.

घरात सुतक आले. देवघराचे दार लोटून घेतले. पूजा नाही, दिवा नाही, उदबत्ती नाही. बुवांच्या गळ्यातून सूर निघेना. मल्हारच्या अस्थी कुडलच्या संगमावर, भीमा आणि सीना मिळतात तिथे सोडायच्या असे ठरले. गोदावरीबाई म्हणाल्या, "भाऊजींना त्यांच्याच गाडीतून नेऊ." लाल कापडात बांधलेले गाडगे मांडीवर घेऊन त्या बसल्या. ज्याने वहिनीसाठी दुसरी जागा ठेवली होती, तो आज वहिनीच्या मांडीवर बसून चालला होता.

फळीवरचे पितळी घर रिकामे होते. सुतकात कोण उदबत्ती लावणार?

मंद्रूप मागे पडले. ऊन तापले. मी बोलत होते, आणि आज माझ्या तोंडावर कुणाचाही हात नव्हता.

"अहो, थांबवा."

"काय झालं?"

"वास. लई वास आहे हो. डोकं फिरतंय माझं. हा नुसता गाडीचा वास नाही. आजवर मी उदबत्तीखाली दडपत आले. थांबवा आधी!"

इतक्या वर्षांत गोदावरीबाई अशा आवाजात बोलल्या नव्हत्या. बुवांनी गाडी लिंबाच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केले आणि बॉनेट उघडले. मित्रांनो, मल्हारनंतर त्या दिवशी प्रथमच कुणीतरी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंगावरून पेट्रोल ओघळून खालच्या लोखंडाभोवती ओले डाग पडले होते. बुवा चार पावले मागे सरले. गाडगे घेतलेल्या गोदावरीबाईंना त्यांनी हाताला धरून लांब नेले आणि सोलापुरात सिद्धलिंगला फोन लावला.

सिद्धलिंग मल्हारचा जुना विद्यार्थी. त्याचे होटगी रस्त्याला गॅरेज आहे. तो मोटारसायकल दामटत आला. येताना माझ्या मापाची नवी नळी, पट्ट्या आणि हत्यारांची पिशवी घेऊन आला. आधी त्याने गाडग्याला हात जोडले. मग म्हणाला, "बुवा, तपकिरीची डबी राहू द्या, पण काडेपेटी असंल तर लांब ठेवा. फोन पण हितं नको. इंजिन थंड होऊ दे, मग बघू."

इंजिन निवल्यावर त्याने आधी बॅटरीची तार सोडवली. फडक्याने मला पुसले. मग त्याने अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत मला धरले आणि टोकापासून टोकापर्यंत बोटे सरकवत नेली. मधे दाबले. वाकवले. सगळ्या भेगा तोंड उघडून दिसल्या.

"अय्यो," तो म्हणाला, "नोडरी, बघा की. आतलं सूत दिसाय लागलंय. आताच्या पेट्रोलला असलं जुनं रबर टिकत न्हाय. आणि पट्टी आवळून आवळून कापलंय हितं."

गोदावरीबाई त्याच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही चिमूट."

बुवांनी पाहिले. सिद्धलिंगने काही कळेना म्हणून तसेच पुन्हा करून दाखवले. "असं बघायचं असतंय. सरांनीच शिकवलं आमाला. चिमटीत धरायचं, दाबायचं, वाकवायचं, मग वास घ्यायचा."

बुवा रस्त्याच्या कडेला, मातीत, खाली बसले. "तो ताल नव्हता गं," ते म्हणाले. "तो मला सांगत होता. रोज सांगत होता. आणि मी त्याच्यापुढं बसून गात होतो."

गोदावरीबाईंनी गाडगे छातीशी धरले. सिद्धलिंगने मान खाली घालून मला कापले, माझ्या जागी नवी नळी बसवली, पट्ट्या बेताने आवळल्या. लोखंडी नळीवर बोट फिरवून गंज पाहिला. मग पोते टाकून गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मागचा पाइप पण कडक झालाय. आज गळत न्हाय. पण त्याचा भरवसा धरू नका. तो जाड मापाचा, माझ्याकडं आत्ता न्हाय. सावकाश जाऊन या आणि आठवड्यात गाडी गॅरेजला लावा. विसरू नका, बुवा."

"नाही विसरणार," बुवा म्हणाले.

सिद्धलिंग मला झुडपात भिरकावणार होता. बुवांनी हात पुढे केला, मला उपरण्यात गुंडाळले आणि आम्ही संगमावर गेलो. गाडग्यातली राख पाण्यावर पसरली तेव्हा मी उपरण्यातून पाहत होते. मल्हार, तुझे बोलणे पोचले रे, अर्धेच पोचले.

घरी आल्यावर मला मल्हारच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. उन्हात पडून पडून माझ्यातले पेट्रोल उडून गेले. मी कोरडीठाक झाले. सुतक फिटले, तेरावा झाला. लोक भेटायला येत राहिले. कोर्टातले, भजनी मंडळातले, पॉलिटेक्निकातले. प्रत्येकाला बुवा माझी गोष्ट सांगायचे आणि मला हातात धरून दाखवायचे. गॅरेजला जायचे मात्र राहून गेले. "मैंदर्गीचा सप्ताह उरकू दे. ईश्वरप्पांना शब्द दिलाय. काल्याचं कीर्तन झालं की लगेच," असे ते दोनदा म्हणाले. सिद्धलिंगचा फोन आला तेव्हाही हेच म्हणाले.

मैंदर्गीला मांडव भरला होता. सकाळचे कीर्तन. बुवांनी पूर्वरंगात सावधपणाचे निरूपण केले. देव बोलतो तेव्हा मोठ्याने बोलत नाही, तो मुक्या माणसाच्या हाताने बोलतो, मुक्या वस्तूच्या वासाने बोलतो, असे म्हणून त्यांनी उपरण्यातून मला बाहेर काढले आणि सभेपुढे धरले. "ही नळी मला हाका मारत होती, आणि मी हिच्या तोंडापुढं ऊद जाळत होतो! माझा भाऊ मला सांगत होता," असे म्हणून त्यांनी चिमूट करून हवेत सरकवून दाखवली. बाया डोळे पुसत होत्या.

पण मित्रांनो, त्यांनी पुढचीच चिमूट दाखवली. हात खांद्यावरून मागे नेला नाही.

मध्यंतरात ईश्वरप्पांनी बुवांना बुक्का लावला आणि मोगऱ्याचा भरगच्च हार घातला. बुवांनी तो गळ्यातून काढला आणि माझ्यावर घातला. मलाही बुक्का लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नामाचा गजर झाला. एका म्हातारीने तर माझ्या पाया पडून, म्हणजे बुवांच्या हाताला डोके टेकून, पाच रुपये ठेवले. नळीच्या नशिबी असा मान कधी आला नसेल. आणि मला ओरडून सांगावेसे वाटत होते, अहो, मला हार नको. माझी बहीण तिकडे गाडीखाली आहे. तिच्याकडे कुणीतरी वाका!

काला वाटून झाला, जेवणे झाली. बुवांनी मला हारासकट गाडीतल्या आरशाला टांगले. आयुष्यभर जो रस्ता जाळीआडून तुकड्यातुकड्याने पाहिला, तो त्या दिवशी मला प्रथमच सबंध दिसला. आणि निघाल्यावर थोड्याच वेळात मागून वास आला. तो मी लगेच ओळखला. आमच्याच घराण्याची बोली ती. ताईला भेग पडली होती. टाकी गोदावरीबाईंच्या पाठीमागेच.

गोदावरीबाईंनी नाक वर केले. "अहो, वास येतोय."

"येणारच," बुवा म्हणाले, "नळी टांगलीये ना समोर. जन्मभर पेट्रोल प्यायलेली ती. मोगरा आहे, दबेल."

मित्रांनो, त्या क्षणाइतकी मी कधी तळमळले नाही. भेगाळलेली असताना मी निदान ओरडत तरी होते. आता मीच बहिणीच्या ओरडण्याचे निमित्त झाले होते. माझ्या नावावर तिचा वास खपत होता. पुढे अक्कलकोटचा फाटा, ऊन मी मी म्हणत होते, आणि बुवा समाधानाने गुणगुणू लागले होते, काळी चारमधे.

गोदावरीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात वर करून मला आरशावरून काढले. हार बाजूला केला. मला नाकाशी नेले आणि खोल श्वास घेतला.

मला वास नव्हता. खिडकीतल्या उन्हाने माझ्यात एक थेंबही ठेवला नव्हता. आयुष्यभर वासाने बोललेली मी त्या वेळी अगदी गप्प होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिला तर नुसता बुक्क्याचा वास येतोय."

"मग?"

"मग हा पेट्रोलचा कुठला?"

बुवांचे गुणगुणणे थांबले. गोदावरीबाईंचा हात आपोआप वर गेला. त्यांनी चिमूट करून हवेत सरकवली, आणि मग, अगदी मल्हारसारखीच, ती खांद्यावरून मागे नेली.

"भाऊजी हात मागेही न्यायचे हो," त्या म्हणाल्या. "ती सम नव्हती."

गाडी थांबली. इंजिन बंद झाले. कीर्तनाचा पांढराशुभ्र अंगरखा घातलेले बुवा दार उघडून उतरले, गोदावरीबाईंना लांब बाभळीखाली उभे केले, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, भर रस्त्यात गुडघे टेकून, हात जमिनीला लावून गाडीखाली वाकले.

खालून त्यांचा आवाज आला, "गळतेय गं."

गाडी तिथून ओढून गॅरेजला नेली. ताई आता माझ्याशेजारी, मल्हारच्या खिडकीच्या कट्ट्यावर असते. आम्ही दोघी प्रथमच एकमेकींना पाहतो आहोत. रविवारी पूजा आटोपली, की बुवा समोरच बॉनेट उघडतात, मग गाडीखालीही वाकतात, दोन्हीकडे चिमूट धरतात, आणि त्यांचे नाक चालत नाही म्हणून बोटे गोदावरीबाईंच्या नाकाशी नेतात. गाडीतले पितळी घर देवघरात गेले. उदबत्ती देवापुढेच लागते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हाला हार घालू नका, आमची गोष्ट सांगून डोळे पुसू नका. घरातले एखादे मुके माणूस, एखादी मुकी वस्तू काही सांगू लागली आणि तुम्हाला ते गाणे वाटले, तर गाणे थोडे थांबवा. आणि वाका. दोनदा वाका, एकदा पुढे आणि एकदा मागे.